लेखनिकाचा हात

सेवा हा शब्द आपल्या भाषेंत फार सवंग झाला आहे. सभेच्या व्यासपीठावर तो असतो, वर्गणीच्या पावतीवर असतो, दुकानाच्या पाटीवरहि असतो. शब्द जितका सवंग, तितकी त्याची पारख कठीण. म्हणून आज सेवेविषयीं चार सर्वसाधारण विचार सांगण्याऐवजीं, एका विद्यार्थ्यानें एका संस्थेंत काढलेल्या साठ तासांची हकीकत श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. साठ तास म्हणजे कांहीं मोठा काळ नव्हे. अडीच दिवसांचा तो हिशेब. परंतु त्या साठ तासांनीं त्याला सेवेचा एक कठीण नियम शिकविला, आणि तो नियम घरोघरीं कळण्यासारखा आहे.

विद्यार्थ्यांनीं समाजाचें काम करावें ही कल्पना नवी नाहीं. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्या वेळीं देशांतील ३७ विद्यापीठें आणि सुमारें ४०,००० विद्यार्थी तींत सामील झाले. वर्षाला १२० तास काम हें तिचें माप. आणि ज्याला वाटेल त्यानेंच तिच्यांत यावें ही तिची रीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मात्र समाजांत जाऊन करावयाचें काम हा अभ्यासक्रमाचाच एक भाग होऊं लागला, आणि महाराष्ट्रांतील पदवीच्या शिक्षणांतहि त्याला स्थान मिळालें. हिशेबाच्या उत्तराला जसे गुण, तसे आतां सेवेलाहि गुण! यावर कोणीहि विचारील कीं, गुणांसाठीं केलेली सेवा ती सेवा कसली? आक्षेप खोटा नाहीं. पण त्याचा निकाल देण्यापूर्वीं त्या मुलाची हकीकत ऐकून घेणें बरें.

पुण्यांतील एका महाविद्यालयांत वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षास तो शिकत होता. त्याच्या वर्गाला एक प्रकल्प नेमून दिलेला होता. प्रत्येकानें एकाद्या सेवाभावी संस्थेंत साठ तास काम करावें, तासांची नोंद संस्थेच्या सहीनिशीं ठेवावी, आणि अखेरीस पंधरा पानांचा अहवाल द्यावा. संस्थांची यादी लागली, तेव्हां या मुलानें अंध विद्यार्थ्यांसाठीं काम करणारी एक संस्था निवडली. निवडीचें कारण मुळींच उदात्त नव्हतें. संस्था घरापासून सायकलीनें दहा मिनिटांवर होती, आणि तेथें पुस्तकें वाचून दाखविण्याचें काम असतें असें त्यानें ऐकलें होतें. टेकडीवर उन्हांत झाडें लावण्यापेक्षां पंख्याखालीं बसून वाचणें बरें, असा त्याचा सरळ हिशेब होता.

नव्या स्वयंसेवकांना काम समजावून देणारे गृहस्थ स्वतः अंध होते. त्यांनीं अर्ध्या तासांत पहिला पाठ दिला. खोलींत शिरतांना आपलें नांव सांगावें. "ओळखा पाहूं मी कोण" असला खेळ करूं नये. उठून जातांना "जातों" म्हणावें. नाहींतर समोरचा माणूस रिकाम्या खुर्चीशीं बोलत बसतो. रस्ता ओलांडतांना अंध माणसाचा दंड धरून त्याला ढकलूं नये. आपलें कोपर पुढें करावें, म्हणजे तो तें धरून अर्धें पाऊल मागून चालतो, आणि पुढची पायरी, वळण, उतार त्याला आपल्या शरीराच्या हालचालीवरून समजतो. "इकडे", "तिकडे", "त्या तेथें" हे शब्द विसरावे. "तुमच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर" असें बोलावें. पांढऱ्या काठीला न विचारतां हात लावूं नये. ती काठी म्हणजे त्या माणसाचें बोट आहे. "समजलं सगळं?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां मुलानें होकारार्थी मान हलविली. क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग ते गृहस्थ हंसून म्हणाले, "मान हलवलीस वाटतं? मला ती ऐकूं नाहीं आली!"

त्याच्याकडे जी विद्यार्थिनी सोपविण्यांत आली, ती कला शाखेच्या तिसऱ्या वर्षांत इतिहास हा विषय घेऊन शिकत होती. सोलापूर जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतून ती पुण्यास आलेली. वसतिगृहांत राही आणि बसनें एकटी ये-जा करी. एम्. ए. होऊन महाविद्यालयांत शिकवावयाचें, हा तिचा निश्चय होता. मुलगा तिच्याहून एक वर्षानें मागें असल्यामुळें तिला "ताई" म्हणूं लागला. आठवड्यांतून तीन दिवस, सायंकाळीं दोन-दोन तास वाचावयाचें असें ठरलें.

आजच्या काळांत अंधांना वाचून दाखविणारा माणूस लागतो कशाला, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येईल. लुई ब्रेल या फ्रेंच मुलाला लहानपणीं वडिलांच्या कारखान्यांत डोळ्याला हत्यार लागून अंधत्व आलें. १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्यानें सहा उठावदार ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. या सहा ठिपक्यांच्या निरनिराळ्या मांडणींतून ६३ चिन्हें होतात, आणि बोटाच्या एकाच स्पर्शांत एक चिन्ह वाचतां येतें. भारतीय भाषांसाठीं या लिपीची एक समान पद्धत १९५१ सालीं ठरली. आपल्याकडे अंधांच्या शाळा त्याच्याहि आधीं निघाल्या होत्या: अमृतसरला १८८७ सालीं, मुंबईंत दादरला १९०० सालीं, पुण्यांत १९३४ सालीं. पुढें संगणक आले, आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या प्रणाली निघाल्या. त्यांपैकीं एन्‌व्हीडीए ही प्रणाली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं सुरू केली, आणि ती कोणालाहि विनामूल्य मिळते. मग उणें कशाचें?

उणें असतें तें पुस्तकांचें. साधें हातांत मावणारें पुस्तक ब्रेल लिपींत छापलें कीं त्याचे अनेक जाडजूड खंड होतात. म्हणून पदवीच्या वर्गाचीं सगळींच पुस्तकें त्या लिपींत मिळत नाहींत. संगणकाला वाचतां यावें म्हणून अक्षरें युनिकोड या सर्वमान्य पद्धतीनें टाइप केलेलीं असावीं लागतात. परंतु मराठींतील पुष्कळ टिपणें जुन्या वळणाच्या टंकांत असतात, आणि त्यांतून यंत्राला अर्थहीन अक्षरांचा गोंधळ ऐकूं येतो. पानाचें नुसतें छायाचित्र काढून पाठविलें, तर साध्या वाचक प्रणालीच्या लेखीं तें एक चित्र असतें, मजकूर नव्हे. अक्षरें ओळखणारीं यंत्रें आहेत, पण फिकट छपाई, समासांतल्या हाताच्या नोंदी आणि कोष्टकें यांपुढें तीं चुकतात. म्हणजे ज्ञान आहे, तें घेणारी बुद्धि आहे, ऐकविणारें यंत्रहि आहे. आणि तरी मधल्या एका पुलावांचून सगळें अडतें. तो पूल म्हणजे वाचणारा माणूस.

मुलगा हुशार होता, आणि हुशारीचा पहिला त्रास त्या विद्यार्थिनीलाच झाला. दुसऱ्याच दिवशीं कंटाळवाणें प्रकरण आलें. जमीनमहसुलाच्या पद्धती, त्यांचे तपशील, तळटीपा. मुलानें पानभर मजकूर मनांत वाचला आणि म्हणाला, "ताई, यांत विशेष कांहीं नाहीं. थोडक्यांत सांगतों." त्यानें सहा वाक्यांत सारांश सांगितला. सारांश चांगला होता. तिनें तो शांतपणें ऐकून घेतला आणि म्हणाली, "तुला समजलं तें तू सांगितलंस. पुस्तकांत काय छापलंय तें अजून मला कळलं नाहीं. वाचायचं काम तुझं, समजून घ्यायचं काम माझं. माझं काम तू करूं नकोस."

त्याला हें लागलें. आपण तिचा वेळ वांचवीत होतों असें त्याला प्रामाणिकपणें वाटत होतें. पण घरीं जातांना त्याच्या मनांत आलें कीं, आपल्या वर्गांत कोणी आपलें पुस्तक हातांतून काढून घेतलें आणि "यांत विशेष कांहीं नाहीं" असें म्हटलें, तर आपण तें चालवून घेऊं काय? कोणतें वाक्य महत्त्वाचें आणि कोणतें नव्हे, हें ठरविणें हेंच तर शिक्षण. आणि तेंच त्यानें तिच्याकडून परस्पर काढून घेतलें होतें.

त्या दिवसापासून तो वाचावयास शिकला. चौदा वर्षें शाळा-कॉलेजांत काढलेल्या मुलानें वाचावयास शिकणें, ही चमत्कारिक गोष्ट खरी. पण दुसऱ्यासाठीं वाचणें ही निराळीच विद्या आहे. मथळा कोणता हें सांगावें लागतें. अवतरण कोठें सुरू झालें आणि कोठें संपलें हें सांगितलें नाहीं, तर लेखकाचें मत आणि त्यानें खोडून काढलेलें मत यांची सरमिसळ होते. तळटीप आली कीं थांबून विचारावें, "आतां वाचूं कीं परिच्छेद संपल्यावर?" कोष्टक वाचण्याआधीं त्यांत किती रकाने आहेत आणि त्यांचीं शीर्षकें कोणतीं तें सांगावें. परकीय नांव आलें तर तें अक्षर अक्षर करून सांगावें. नकाशा आला तर "फार सुंदर नकाशा आहे" हें म्हणणें निरुपयोगी. उत्तरेस काय, दक्षिणेस काय, सीमारेषा कोणत्या नदीवरून गेली आहे, हें सांगावें. आणि आपल्याला कंटाळा आला आहे हें आवाजांत दिसूं देऊं नये, कारण तिच्या कानाला तें शब्दांच्या आधीं कळतें.

असे आठवडे गेले. तासांच्या वहींत सह्या वाढल्या. एप्रिल उजाडला आणि परीक्षा जवळ आली.

अंध विद्यार्थ्याची परीक्षा म्हणजे दोन माणसांची परीक्षा असते. उत्तर एकाचें, हस्ताक्षर दुसऱ्याचें. त्या दुसऱ्याला लेखनिक म्हणतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधींचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला, आणि लेखनिक व जादा वेळ या सोयींचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला निदान वीस मिनिटें जादा द्यावींत असें ठरलें; म्हणजे तीन तासांची प्रश्नपत्रिका चार तासांची झाली. परीक्षार्थीनें स्वतःचा लेखनिक आणला, तर त्याचें शिक्षण परीक्षार्थीपेक्षां एक पायरी कमी असावें, अशीहि अट त्या सूचनांत होती. तिचा हेतु उघड आहे. लिहिणाऱ्याचें ज्ञान लिहविणाऱ्याच्या उत्तरांत मिसळूं नये.

हे नियम कागदावर सोपे दिसतात. पण परीक्षांच्या दिवसांत लेखनिक मिळणें दुर्मिळ, कारण जो लिहूं शकतो त्याचीहि परीक्षा त्याच सुमारास असते. या विद्यार्थिनीचा ठरलेला लेखनिक तिसऱ्या प्रश्नपत्रिकेच्या आदल्या दिवशीं तापानें अंथरुणास खिळला. रात्रीं साडेआठ वाजतां संस्थेंतून या मुलाला दूरध्वनि आला. त्याचे साठ तास चार दिवसांपूर्वींच भरले होते. वहीवर शेवटची सही झाली होती. प्रकल्पाच्या दृष्टीनें त्याचा त्या संस्थेशीं संबंध उरला नव्हता. दोन दिवसांनीं त्याची स्वतःची परीक्षा सुरू व्हावयाची होती. तो म्हणाला, "येतों."

सकाळीं अर्जावर छायाचित्र, ओळखपत्राची प्रत, प्राचार्यांची सही हे सोपस्कार झाले. एका लहान खोलींत तीं दोघें आणि एक पर्यवेक्षक. विषय आधुनिक भारताचा इतिहास. मुलगा प्रश्न वाचून दाखवी, ती थोडा वेळ गप्प बसे, मग सावकाश, वाक्य पुरें करून सांगे, आणि तो लिही. पहिले दोन तास सुरळीत गेले. मग दादाभाई नौरोजींच्या कार्यावरील प्रश्न आला.

हें प्रकरण मुलानेंच तिला दोनदां वाचून दाखविलें होतें. हिंदुस्थानची संपत्ति इंग्लंडकडे कशी वाहून जाते, हा दादाभाईंचा सिद्धान्त तिनें सुरेख मांडला. पुढें ती म्हणाली, "१८८६ सालीं ते ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद म्हणून निवडून आले."

लेखणी थांबली. दादाभाई सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघांतून निवडून आले तें साल १८९२. १८८६ हें त्यांनीं कलकत्त्याच्या काँग्रेसचें अध्यक्षपद भूषविल्याचें साल, आणि पार्लमेंटच्या निवडणुकींतला त्यांचा पहिला प्रयत्न फसला तेंहि त्याच वर्षीं. दोन्ही सालें एकाच पानावर होतीं. मुलाला तें पान डोळ्यांपुढें दिसत होतें. पर्यवेक्षक खिडकीबाहेर पाहत होते. ८६ च्या जागीं ९२ लिहावयास एक क्षणहि लागला नसता. विचारणारें कोणी नव्हतें. इतकेंच काय, जिच्यासाठीं लिहावयाचें तिलाहि तें कधीं कळलें नसतें. एम्. ए. च्या प्रवेशासाठीं तिला एकेक गुण मोलाचा आहे, हें त्याला ठाऊक होतें. तीन महिने जिच्यासाठीं घसा कोरडा केला, तिचें नुकसान आपल्याच हातानें लिहावयाचें! दया, मैत्री आणि ज्ञान अशीं तिन्ही त्याच्या मनगटाला एकाच दिशेनें ओढूं लागलीं.

"लिहिलंस?" तिनें विचारलें.

त्यानें १८८६ लिहिलें आणि "हो" म्हणाला. आवाज नेहमींसारखा ठेवला, कारण आवाजांतला थोडासा फरकहि तिला खूण ठरला असता.

परीक्षा संपली. जिना उतरतांना तिनें त्याचें कोपर धरलें होतें. मधल्या वळणावर ती एकाएकीं थांबली. "अरे, दादाभाईंच्या निवडणुकीचं साल मी १८८६ सांगितलं का?"

"हो."

"तें बाण्णव पाहिजे होतं." थोडा वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "तुझ्या लक्षांत आलं होतं?"

आतां खोटें बोलणें सोपें होतें. तो म्हणाला, "आलं होतं, ताई. मला क्षमा करा."

"क्षमा कसली?" ती म्हणाली. "माझ्या चुका माझ्याच राहूं देत. नाहींतर माझीं बरोबर उत्तरंहि माझीं राहायचीं नाहींत. पुढल्या पेपराला दुसरं कोणी आलं नाहीं तर तूच ये."

तिला त्या विषयांत किती गुण मिळाले, हा या भाषणाचा विषय नव्हे. एका सालाच्या चुकीनें कांहीं गुण गेले असतील. पण तिच्या त्या एका वाक्यांत जें सांगितलें गेलें, तें सेवेच्या मोठमोठ्या व्याख्यानांत क्वचित् ऐकावयास मिळतें.

आपण दुबळ्याला मदत करतों तेव्हां बहुधा आपलें सगळेंच त्याला देऊं पाहतों: आपले डोळे, आपला हात, आणि न मागतां आपली बुद्धीहि. डोळे आणि हात त्याला हवे असतात. बुद्धि त्याची स्वतःची असते. ती बाजूस सारून आपण आपली तेथें बसविली, कीं मदत दिसावयास मोठी दिसते, पण मदत घेणारा माणूस तेवढाच लहान होतो. त्या लेखनिकानें ९२ लिहिलें असतें, तर त्या उत्तरपत्रिकेंत एक साल बरोबर झालें असतें. परंतु मग तींतलें कोणतें वाक्य तिचें आणि कोणतें त्याचें, हें कोणालाच सांगतां आलें नसतें, तिला स्वतःलाहि नाहीं. आणि अंध उमेदवारांच्या गुणांकडे जग आधींच संशयानें पाहतें. "लेखनिकानें लिहिलें असेल" हें वाक्य किती सहज बोललें जातें! एका लेखनिकाची दया शंभर विद्यार्थ्यांच्या खऱ्या गुणांना डाग लावते.

याचा अर्थ असा नव्हे कीं मदत कोरडी असावी. त्या मुलानें स्वतःची परीक्षा तोंडावर असतां चार तास दिले, हें प्रेमच होतें. हात थांबवून धरणें हेंहि प्रेमच होतें, आणि दोहोंत तें अधिक कठीण होतें. लहान मुलाला चालावयास शिकविणारी आई हात पुढें करते, पण त्याचीं पावलें ती टाकीत नाहीं. येथें तर लहान मूलहि नव्हतें. स्वतःचें मन असलेली एक प्रौढ स्त्री होती.

आतां प्रारंभींच्या आक्षेपाचें उत्तर देतां येईल. गुणांसाठीं केलेली सेवा ती सेवा कसली? त्या मुलाचे साठ तास सक्तीचे होते, हें कबूल केलें पाहिजे. सक्तीनें त्याला दारापर्यंत आणलें. दारावरून आंत जाऊन तो काय शिकला, तें मात्र कोणत्याहि अभ्यासक्रमांत लिहिलेलें नव्हतें. आणि ज्या चार तासांत त्याची खरी कसोटी लागली, ते चार तास त्याच्या वहींत धरलेलेच नाहींत. ते एकसष्टाव्या तासापासून पुढचे होते. म्हणून सक्तीच्या कामाची परीक्षा एकाच प्रश्नानें करावी: साठ तास संपल्यावर दूरध्वनि आला, तर विद्यार्थी येतो काय? येत असेल, तर ती सक्ती कारणीं लागली. येत नसेल, तर वहींतल्या सह्या खऱ्या असूनहि हिशेब खोटा आहे.

मुलानें अहवाल दिला. त्यांत त्या जिन्यावरच्या संभाषणाबद्दल एक अक्षर नव्हतें. तें त्याच्यापाशीं राहिलें. अहवालाच्या शेवटीं सूचनांसाठीं एक पान होतें. तेथें त्यानें तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, महाविद्यालयांतून वांटलीं जाणारीं टिपणें युनिकोडमध्यें टाइप केलेलीं असावींत, पानांचीं छायाचित्रें नसावींत. दुसरी, लेखनिक होऊं इच्छिणाऱ्यांची यादी परीक्षेच्या आदल्या रात्रीं शोधण्याऐवजीं सत्राच्या आरंभींच तयार असावी, आणि प्रत्येकाला एक बदली लेखनिक असावा. तिसरी, लेखनिकाला आधीं एक तास शिकवावें कीं, ऐकलेलेंच लिहावयाचें असतें. या तिन्ही सूचनांना पैसा जवळजवळ लागत नाहीं. लागतें तें लक्ष.

हें लक्ष घरोघरींहि देतां येईल. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत दृष्टीचें अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारें ५० लाख नोंदली गेली. त्यांत शिकणारीं मुलें-मुली आहेत, आणि त्यांपैकीं कोणी आपल्याच पेठेंत, आपल्याच वसाहतींत राहत असेल. पुस्तकें वाचून ध्वनिमुद्रित करणें हें घरबसल्या होणारें काम आहे. आपल्या लेखाधिकाराच्या कायद्यांत २०१२ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें अंधांसाठीं पुस्तकाची वाचनसुलभ प्रत करण्यास मोकळीक दिली. पुढें २०१३ सालीं माराकेश येथें याच कामासाठीं आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ सालीं त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. कायद्याची वाट मोकळी आहे. वाचणारे आवाज हवे आहेत. निवृत्त माणसांपाशीं वेळ असतो, गृहिणींपाशीं शुद्ध आणि गोड वाणी असते, मुलांपाशीं उत्साह असतो. जवळच्या अंधशाळेंत किंवा महाविद्यालयांत जाऊन "कोणतें पुस्तक हवें आहे?" एवढेंच विचारावें. आपल्याला आवडणारें पुस्तक घेऊन जाऊं नये. त्यांना हवें असलेलें वाचावें, मग तें जमीनमहसुलावरचें कां असेना!

आणि वाचतांना, लिहितांना, रस्ता ओलांडून देतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपण दिलेला हात हा आपलाच असतो, पण तो जोंवर दुसऱ्याच्या कामाला लागला आहे, तोंवर त्यानें काय करावयाचें हें त्या दुसऱ्यानें सांगावयाचें असतें. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांशीं, आजाऱ्यांशीं, वाढत्या मुलांशीं वागतांनाहि हाच नियम लागू पडतो. त्यांचें वाक्य त्यांना पुरें करूं द्यावें. तें चुकलें तरी आधीं त्यांचें म्हणून ऐकावें. मदत मागितली तर मागितली तेवढी, आणि मनापासून द्यावी. बाकीचा माणूस त्याचा त्याच्याजवळ राहूं द्यावा.